चित्रध्वनीची अंतिम प्रत

चलच्चित्र व ध्वनी यांचे संकलन पूर्ण झाल्यानंतर प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांची जी एकत्रित प्रत काढण्यात येते, तिला अंतिम प्रत म्हणतात. फितीच्या काळात चित्रपटव्यवसायात तिला ‘रिलीज प्रिंट’ म्हणत; संगणकावरील संकलन-आज्ञावलीत याच क्रियेला ‘एक्स्पोर्ट’ असे नाव आहे. ही प्रत काढण्यापूर्वी संकलकाला काही मापे निवडावी लागतात : दर सेकंदाच्या चौकटींची संख्या, चित्राची लांबी-रुंदी, रंगाची नोंद, माहितीच्या संपीडनाचे प्रमाण, ध्वनीचे दर सेकंदाला घ्यावयाचे नमुने इत्यादी. आज्ञावलीच्या पटलावर ही मापे निव्वळ आकड्यांच्या स्वरूपात दिसतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक आकडे पूर्वीच्या कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या मर्यादेतून आलेले आहेत. ज्या यंत्रासाठी प्रत काढली त्या यंत्राला न पेलणारा भाग प्रतीतून गळतो आणि मूळ प्रत नष्ट झाल्यास तो पुन्हा मिळत नाही. महाराष्ट्रातील चित्रपटांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मुंबईत ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. त्यानंतर तीन वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले; मात्र ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. म्हणजे चित्र टिपणे येथे आणि प्रत काढणे परदेशी, अशी प्रारंभी स्थिती होती. दादासाहेब फाळके यांनी ही दोन्ही कामे आपल्या घरी आणली. कोऱ्या फितीला कडेची छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत असत. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती.

मूकपटाची लांबी फुटांत सांगत, मिनिटांत नव्हे, याला कारण आहे. त्या काळी कॅमेरा व प्रक्षेपक हाताने फिरवीत. त्यामुळे वेग ठाम नसे. ३५ मिमी. फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. ३,७०० फूट फीत दर सेकंदाला १६ चौकटी या वेगाने दाखविल्यास खेळ सुमारे ६२ मिनिटे चालतो. तीच फीत पुढील काळातील २४ चौकटींच्या प्रक्षेपकावर चढविल्यास ४१ मिनिटांत संपते आणि राजा, राणी, ऋषी सर्व जण तुरुतुरु चालू लागतात. मूकपटांतील माणसे हास्यास्पद घाईने वावरतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. तो बव्हंशी मागाहून काढलेल्या प्रतींचा दोष असून चित्रण करणाऱ्याचा नव्हे. आजही जुनी फीत संगणकावर घेताना चौकटींचा वेग न तपासल्यास तीच चूक नव्याने घडते.

ध्वनी आल्यावर वेग बांधला गेला. चित्राच्या गतीत किंचित फेर पडला तरी डोळा तो खपवून घेतो. कान मात्र स्वराचा चढउतार ताबडतोब ओळखतो. म्हणून १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ चौकटी, हे प्रमाण ठरले व ते जगभर रूढ झाले. ध्वनीची पट्टी चित्राच्या कडेला छापावयाची असल्याने चित्राची रुंदी कमी होऊन ते जवळजवळ चौरस दिसू लागले; १९३२ मध्ये चौकटीची उंचीही घटवून १.३७ : १ हे प्रमाण स्वीकारण्यात आले. जुन्या मूकपटाची प्रत ध्वनिपटाच्या मापाने काढल्यास चित्राची एक कड कायमची कापली जाते, हे यावरून ध्यानात येईल.

याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. लगोलग १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी सैरंध्री हा चित्रपट रंगीत करण्याचे धाडस केले. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीतील प्रयोगशाळेत तयार करण्यात आल्या. तथापि पडद्यावर रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. कथा, नेपथ्य वा अभिनय यांत उणीव नसतानाही केवळ अखेरच्या टप्प्यावर कृती फसू शकते, याचे हे मराठीतील सर्वांत जुने व ठळक उदाहरण होय. या अनुभवानंतर प्रभातने संत तुकाराम (१९३६) सह आपले पुढील गाजलेले चित्रपट कृष्णधवलच ठेवले.

फितीची प्रत महाग असे. त्यामुळे प्रतींची संख्या मर्यादित राही व त्या एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत. वितरणव्यवसायात देशाचे जे विभाग पाडण्यात आले, त्यांत विदर्भाचा समावेश ‘सी. पी. बेरार’ या विभागात झाला. जुना प्रांत मोडला, राज्यांची पुनर्रचना झाली, तरी व्यवसायाने हे नाव सोडले नाही. यवतमाळ जिल्हा याच विभागात येतो. मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे चालून आलेली प्रत जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी, आणि शेवटी जत्रेतील तंबूत लागे, तेव्हा तिच्यावर उभ्या ओरखड्यांचा पाऊस पडत असे आणि रिळांच्या टोकाकडील चौकटी तुटून संवाद अर्धवट ऐकू येत. एकच चित्रपट मुंबईच्या व वणी-पुसदच्या प्रेक्षकांनी पाहिला असे आपण म्हणतो. पण दोघांनी पाहिलेली प्रत सारखी नसे.

दूरचित्रवाणीने निराळी मापे आणली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतातील विद्युत् पुरवठ्याची कंप्रता सेकंदाला ५० असल्याने, युरोपप्रमाणेच येथेही सेकंदाला २५ चौकटी व ६२५ रेषा ही पद्धत होती. प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत रेखाटली जाई : आधी विषम रेषा, मग सम रेषा. अशा फितीवरून संगणकासाठी प्रत काढताना हे दोन हप्ते नीट न जुळविल्यास हलत्या वस्तूच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. जुन्या नाटकांच्या व मुलाखतींच्या अनेक प्रतींत हा दोष सर्रास आढळतो.

चित्रपट २४ चौकटींचा आणि दूरचित्रवाणी २५ चौकटींची, हा पेच सोडविण्यासाठी चित्रपट थोडा जलद चालविण्याचा सोपा मार्ग पत्करण्यात आला. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. डोळ्यांना हे कळत नाही. स्वर मात्र सुमारे चार टक्क्यांनी चढतो. पेटीच्या भाषेत सांगावयाचे, तर पांढरी एक आणि काळी एक यांतील अंतराच्या जवळजवळ सात-दशांश इतका. नाट्यपदे व अभंग यांनी नटलेल्या मराठी बोलपटांच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. अशा प्रतीवरून गायकाची मूळ पट्टी ठरवू पाहणारा अभ्यासक चकतो.

ध्वनीच्या आकड्यांनाही असाच इतिहास आहे. अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनितरंगाचे ठरावीक अंतराने नमुने घेतात. ज्या कंप्रतेपर्यंतचा ध्वनी टिपावयाचा तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची धरल्यास ४०,००० हून काहीसा मोठा आकडा पुरेसा ठरतो. मग नेमका ४४,१०० हाच का ? १९७०-८० च्या दशकात एवढी माहिती साठविण्याची सोय केवळ चित्रफितीवर होती. चित्राच्या प्रत्येक रेषेत ३ नमुने, हप्त्यातील २९४ रेषा व सेकंदाचे ५० हप्ते यांचा गुणाकार ४४,१०० येतो. अमेरिकी-जपानी पद्धतीतील ३, २४५ व ६० यांचाही तितकाच येतो. दोन्ही पद्धतींना जुळणारा म्हणून हा आकडा निवडला गेला व ध्वनितबकडीवर (सीडी) कायम झाला. चित्रपट व दूरचित्रवाणी यांनी मात्र ४८,००० हे प्रमाण स्वीकारले. संकलकाला आजही या दोहोंत निवड करावी लागते ती यामुळेच. चित्रासोबतच्या ध्वनीसाठी ४८,००० हीच निवड उचित होय.

सर्वसामान्य मराठी कुटुंबात अंकीय चित्रपट आला तो व्हीसीडीच्या रूपाने. हिचे प्रमाणक १९९३ मध्ये ठरले. चित्राचे माप ३५२ × २८८ बिंदू, म्हणजे एक लाखाच्या आसपास बिंदू. पुढील डीव्हीडीत ते चार लाखांवर गेले आणि अंकीय चित्रपटगृहाच्या किमान मापात ते बावीस लाख आहे. व्हीसीडीवर चित्राची माहिती मुळाच्या सुमारे सव्विसाव्या हिश्शाएवढी करून भरीत. तबकडीवर ७४ मिनिटेच मावत असल्याने चित्रपट दोन तबकड्यांत विभागला जाई. तबकडी स्वस्त होती, प्रसार अफाट झाला आणि गावोगाव जुने चित्रपट पुन्हा पाहिले गेले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पुढे मात्र संगणकावर चढविताना मूळ फितीपर्यंत न जाता याच तबकड्यांवरून प्रती काढण्यात आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तशा प्रतीचे माप कितीही मोठे केले, तरी गळालेले तपशील परत येत नाहीत. फुगविलेले चित्र तेवढे मिळते.

संपीडनाचे तत्त्व असे : प्रत्येक चौकट संपूर्ण न साठविता मागील चौकटीहून झालेला बदल तेवढा नोंदवावयाचा आणि डोळ्याला वा कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळावयाचा. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच. २६४ ही पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. खुर्चीत बसून बोलणाऱ्या वक्त्याच्या चित्राला थोडी माहिती पुरते; वाऱ्यावर हलणारे कापसाचे शेत, धूळ किंवा पाऊस यांना कितीतरी अधिक लागते, कारण तेथे प्रत्येक चौकटीत सर्व काही बदलते. दोन्हींना सारखाच माहितीदर (बिटरेट) दिला, तर वक्ता स्वच्छ दिसतो आणि शेताचा हिरवा चिखल होतो. रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीहून कमी बिंदूंत साठविण्याच्या प्रथेमुळे काळ्यावरील लाल अक्षरे विशेष बिघडतात. देवनागरी श्रेयनामावलीतील अनुस्वार व रफार सर्वांत आधी नाहीसे होतात. यावर अक्षरांसाठी पांढरा अथवा फिका रंग वापरणे हा साधा उपाय आहे.

चित्रपटगृहांसाठीची अंकीय प्रमाणके अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठविण्यात येते व ध्वनी असंपीडित असतो. भारतात त्याच सुमारास उपग्रहावरून चित्रपट पाठविण्याची, तुलनेने कमी माहितीची पण स्वस्त अशी पद्धत यूएफओ मूव्हीज या कंपनीने रूढ केली. फितीच्या प्रतीचा खर्च वाचल्यामुळे लहान गावांतील एकपडदा चित्रपटगृहांनाही नवा चित्रपट मुंबई-पुण्याबरोबर लावता येऊ लागला. मध्यंतरीच्या प्रवासात प्रत झिजण्याचा प्रश्नही मिटला. महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंना या बदलात जी ओढाताण सोसावी लागली, तिचे चित्रण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या द सिनेमा ट्रॅव्हलर्स (२०१६) या अनुबोधपटात आढळते.

जतनाच्या दृष्टीने मात्र वितरणाची प्रत व संग्रहाची प्रत यांत काटेकोर भेद करणे अगत्याचे आहे. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (२०२२ मध्ये हे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले) राजा हरिश्चंद्रची केवळ पहिले व शेवटचे अशी रिळे आहेत आणि तीही १९१७ मधील पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागून जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. त्यात प्रभातच्याही फिती होत्या. मूळ निगेटिव्ह गेल्यावर उरलेली प्रत कोणत्या मापाने काढलेली आहे, यावरच त्या चित्रपटाचे पुढील अस्तित्व अवलंबून असते.

हाच प्रश्न बोलींच्या ध्वनिमुद्रणात अधिक तीव्र होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत कोलाम लोकांची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी भाषा असून तिला लिखित वाङ्मयाची परंपरा नाही. एम. बी. एमेनो यांनी वर्धा भागात १९३७-३८ मध्ये गोळा केलेल्या सामग्रीवरून लिहिलेला तिचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तिची गाणी व कथा भ्रमणध्वनीवर सहज टिपता येतात. पण एकाकडून दुसऱ्याकडे पाठविताना प्रत्येक वेळी ध्वनीचे पुन्हा संपीडन होण्याचा संभव असतो. मराठीतील ‘जग’ (विश्व) व ‘जग’ (जगण्याची आज्ञा) यांतील ‘ज’कारांचा भेद, तसाच ‘चार’ व ‘चारा’ यांतील ‘च’कारांचा भेद, मुख्यत्वे उच्च कंप्रतेच्या घर्षणध्वनीवर ओळखू येतो. सेकंदाला ८,००० नमुने घेणाऱ्या दूरध्वनीच्या मापात ४,००० कंपनांवरील सर्व ध्वनी गळत असल्याने हा भेद पुसट होतो. ज्या भाषेचे उच्चार लिपीने नोंदविलेले नाहीत, तिच्याबाबतीत संदर्भावरून तो भरून काढण्याची सोयही राहत नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने म्हणूनच संग्रहप्रतीसाठी असंपीडित ध्वनी, सेकंदाला किमान ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट ही मर्यादा सांगितली असून शक्य तेथे ९६,००० नमुन्यांची शिफारस केली आहे. ऐकण्या-पाठविण्यासाठी लागणाऱ्या लहान प्रती या संग्रहप्रतीवरून केव्हाही काढता येतात.