लांब का होईना, स्वतःचं?

आमच्या दुष्काळी मुलखातल्या तेरखेड्याचं पोरगं मुंबईत नोकरीला लागलं की वर्षाच्या आत एक सल्ला त्याच्या मागे लागतो: भाड्यानं राहू नको, लांब का होईना पण स्वतःचं घर घे. भाडं पाण्यात जातं, हप्ता आपल्याच घरात राहतो. पास काढला की लोकल स्वस्त. शिवाय सोयरीक जुळवताना ‘मुंबईत फ्लॅट आहे’ या वाक्याला बागायतीइतकं वजन असतं. मग बदलापूर, वांगणी, नेरळ ही नावं निघतात.

हा पूर्वपक्ष भाबडा नाही. त्याचं सगळ्यात बळकट अंग तर सहसा कुणी बोलूनही दाखवत नाही. मुंबईत भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारलं जातं, ताटात काय असतं तेही विचारलं जातं. दलित किंवा मुसलमान घरातल्या पोराला या चौकशीचा अर्थ दुसऱ्याच मिनिटाला कळतो. अकरा महिन्यांचा करार संपला की बोचकं उचलायचं, हा त्रास वेगळाच. अशा माणसाला मालकी हा आसरा वाटला तर त्याला हसण्याचा अधिकार कुणाला नाही. पण ही मालकी बांधकामाच्या जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ एवढ्या आधारावर घेतली जाते, आणि माझा आक्षेप तिथं आहे.

आधी पैशाचं बघू. चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता चौतीस हजार सातशेच्या आसपास येतो. त्यातले अठ्ठावीस हजारांवर पहिल्या महिन्यात निव्वळ व्याजाचे. वीस वर्षांत व्याज मुद्दलाच्याही पुढे जातं. म्हणजे पाण्यात जाणारं काही असेल तर ते दोन्हीकडे आहे. एकीकडे घरमालक असतो, दुसरीकडे बँक. घराची किंमत वाढते हे खरं, पण राहत्या घराची वाढलेली किंमत खर्चायला ते विकावं लागतं.

वेळेचा हिशोब याहून वाईट. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत रोज जाऊन-येऊन चार तास धरा. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस म्हणजे बाराशे तास, आठ तासांच्या दीडशे पाळ्या, त्याही बिनपगारी. आणि त्या चार तासांत जोखीमही आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. ते काही स्टंट करत नव्हते, कामावर जात होते.

यावर नेहमीचं उत्तर येतं की सगळेच तर लांब जातात. जातात खरे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली, ठाण्याची मात्र फुगली. पण गिरगाव-परळ सुटलेल्या माणसाचा नाइलाज हा नव्यानं येणाऱ्यानं आदर्श मानावा का? जुन्या मुंबईकराला मोकळेपणी निवडता आलं तेव्हा त्यानं काय निवडलं, ते पाहायला हवं. गिरणगाव उभं राहिलं ते भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात. गावकीच्या खोल्यांत माणसं पाळीपाळीनं झोपत, खाणावळीत जेवत, बायकापोरं गावी ठेवत. त्या खोलीचे गोडवे गाण्याजोगं काही नव्हतं, पण ती गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पुढे घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळ्याकडून नवी मुंबईत गेला, तेव्हा माथाडी कामगारांची घरंही कोपरखैरणे, घणसोलीत झाली. काम हललं, मागोमाग घर हललं.

सगळ्यात ताजा पुरावा गिरणी कामगारांचाच आहे. सरकारनं त्यांना शेलू-वांगणीची घरं देऊ केली. स्वतःची, मालकीची. जुलै २०२५ मध्ये तेच कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, आम्हाला घर मुंबईतच हवं म्हणून. हा त्यांचा हट्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी २७ जुलै २०१९ आठवावा. उल्हास नदीच्या पुरानं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं.

पाण्याचं हे भान दुष्काळी मुलखातल्या माणसाला नसतं, त्याला पाऊस आला की बरंच वाटतं. मुंबई सात बेटांमधल्या खाड्या बुजवून झालेली आहे. उंच जागा आणि भराव यांतला फरक पत्त्यावर लिहिलेला नसतो, तो पावसात दिसतो. हिंदमाता खोलगट आहे, कुर्ल्याला मिठी नदी चिकटलेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे आमच्याकडचा वर्षभराचा पाऊस आणि वर आणखी. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही. भरतीच्या अशा दिवसांची यादी पावसाळ्याआधीच जाहीर होते.

खरं तर तेरखेड्याला जागा निवडण्याची अक्कल कुणी शिकवायला नको. आमच्याकडे फटाक्यांचे कारखाने आहेत, पण असा कारखाना कुणी गावात काढत नाही. माळावर, शेड सुटे सुटे, एकाची आग दुसऱ्याला पोचणार नाही अशा बेतानं बांधतात. तिथं पहिला प्रश्न जागेचा असतो, मालकी नंतर. मुंबईत मात्र तोच माणूस आधी सातबारा शोधतो.

म्हणून माझं मत असं. आधी काम कुठं ते पक्कं करावं. बीकेसीला नोकरी असेल तर चेंबूरचं टिळकनगर किंवा विक्रोळीचं कन्नमवारनगर यांसारख्या म्हाडाच्या जुन्या वसाहतीत वन रूम किचन भाड्यानं घ्यावं, पहिली चार-पाच वर्षं तरी. नोकरी बदलली की घरही बदलावं, त्यात कमीपणा नाही. घर पाहायला जायचं ते जुलैत, मोठ्या भरतीच्या दिवशी, सकाळी साडेआठला. दलाल डिसेंबरातल्या रविवारची वेळ देईल. तेव्हा नाले कोरडे असतात आणि लोकलमध्ये बसायला जागा मिळते.