कनॉट पीक ते कुंडल

सातारा जिल्ह्याचा इतिहास शिकताना स्कॉटलंड आणि आयर्लंड या देशांची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाणाऱ्या हजारो माणसांच्या तोंडी त्या देशांशी नाते सांगणारी नावे रोज असतात. माल्कम पेठ झाली, आर्थर सीट झाली, कनॉट पीक झाले. वाटाड्या नाव सांगतो, मंडळी दरीत डोकावतात, कणीस खातात आणि गाडीत येऊन बसतात. नाव कोणाचे आणि ते इथे कसे आले, हे विचारण्याची पद्धत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडची सुखवस्तू मंडळी युरोपातील केल्टिक देशांच्या सहलीला जाऊ लागली आहेत. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स हे ते मुलूख. त्यांच्या जुन्या भाषा एका कुळातल्या आणि त्या इंग्रजीच्या दडपणाखाली दबल्या गेल्या. तेथेही मंडळींना बसमध्ये बसवून किल्ले, सरोवरे आणि तुरुंग दाखवतात. होय, तुरुंगही! १९१६ च्या उठावातील पुढाऱ्यांना जेथे गोळ्या घातल्या, तो डब्लिनचा किल्मेनहॅम तुरुंग आज संग्रहालय आहे. त्या सहलीचे पैसे आमच्या संघटनेच्या सभासदांना परवडणारे नव्हेत. म्हणून आम्ही एस.टी.ची एक गाडी प्रासंगिक करारावर घेतली आणि सातारा-सांगलीतच तो प्रवास केला. जे पाहिले आणि त्यावरून जे सुचले, ते या व्याख्यानात मांडावयाचे आहे.

प्रथम स्कॉटलंड घेऊ. मराठ्यांचे राज्य बुडाल्यावर १८१८ साली साताऱ्यास कंपनीचा अधिकारी म्हणून आला तो जेम्स ग्रँट डफ. हा स्कॉटलंडातील बॅन्फ गावचा. येथली दफ्तरे चाळून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला व तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम हाही स्कॉच. त्याच्याच वेळी महाबळेश्वरचे ठाणे वसले. ज्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा त्याला दिली, त्यांनाच पुढे १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि वर्षानुवर्षे तेथे दारे ठोठावत राहिले. दार उघडले नाही. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसी. तोही स्कॉचच. ज्या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळांना जमिनीवरून हुसकून तेथे मेंढरे चारली जात होती, त्याच काळात त्याच देशाचे सुशिक्षित पुत्र आमच्या राजाची गादी मोडीत होते. एका देशात दोन देश असतात, एक मालकांचा आणि एक कष्टकऱ्यांचा, हा धडा आम्हांला माल्कम पेठेतच मिळाला.

आता कनॉट पीक. कनॉट हा आयर्लंडचा पश्चिमेकडचा गरीब प्रांत. त्या प्रांताच्या नावाची सरदारकी व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला होती आणि त्या ड्यूकच्या नावाने हे शिखर ओळखले जाते. परंतु हिंदुस्थानच्या इतिहासात कनॉट हे नाव आणखी एका कारणाने आले आहे. इंग्रजांच्या फौजेत कनॉट रेंजर्स नावाची आयरिश पलटण होती. आपल्या देशात इंग्रज फौजा गावे जाळीत आहेत ही बातमी कळताच १९२० च्या जूनअखेर जालंधरला या पलटणीतल्या शिपायांनी हत्यारे खाली ठेवली. सोलनच्या ठाण्यातही बंड झाले. जेम्स डाली या तरुण शिपायाला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. जालियनवाला बाग ज्या पंजाबात घडली, त्याच पंजाबात दीड वर्षाच्या आत पोटासाठी फौजेत शिरलेल्या आयरिश पोरांनी साम्राज्याची चाकरी नाकारली. शिखराला ड्यूकचे नाव लागले. डालीचे नाव कोणताही वाटाड्या सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी पूर्वेकडे वळली. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती तेथे पडले. त्याआधी ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर रक्त न सांडता तिरंगा चढला होता. वडूजनंतर दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. तेथे पडलेल्या दोघांत एक कामेरीचे विष्णू बारपटे व दुसरे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील इंजिनिअर पंड्या. शेतकरी आणि कारखान्यातला माणूस एकाच मोर्चात एकाच दिवशी पडले, ही गोष्ट आम्हां कामगारांना विसरता येण्यासारखी नाही.

या गोळीबारांनंतर लोकांनी मोर्चाचा मार्ग सोडला आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. ते टिकले कसे, हे समजण्यासाठी त्या वेळचा नकाशा पाहिला पाहिजे. इंग्रजी मुलखाच्या मध्येच औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने तुकड्यातुकड्यांनी पसरलेली होती. कुंडल आणि किर्लोस्करवाडी ही औंध संस्थानात. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ सालीच प्रजेला राज्यकारभार देऊन टाकला होता. हद्द ओलांडली की इंग्रजांच्या पोलिसाला अडचण, आणि गावकऱ्याला मात्र हद्द नाही. परंतु नकाशाने माणूस लपतो, सरकार चालत नाही. ते चालले न्यायदान मंडळांमुळे. सावकार, गुंड, दारूचे गुत्तेवाले यांच्या तक्रारी गावात मिटू लागल्या. गांधी पद्धतीने थोड्या खर्चात लग्ने लागू लागली. लोक इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढेनात, तेव्हा ते सरकार खरे झाले.

आयर्लंडातही हेच घडले होते. १९१८ च्या डिसेंबरच्या निवडणुकीत सिन फेन पक्षाने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. निवडून आलेले लोक लंडनला गेले नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डब्लिनलाच आपली सभा भरवली आणि पुढे गावोगाव आपली न्यायालये बसवली. जमिनीचे तंटे तेथे तुटू लागले. साताऱ्याच्या पुढाऱ्यांनी आयर्लंडची नक्कल केली असे आम्ही म्हणत नाही. होमरूल हा शब्द लोकमान्यांनी १९१६ सालीच तिकडून आणला होता आणि आयर्लंडच्या गोष्टी मराठी वाचकाला ठाऊक होत्या, एवढेच खरे. सारखी गांजणूक असली की उपायही सारखा सुचतो.

पण फरक कोठे आहे? तो आम्हांला शेणोलीला कळला. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने तेथे सरकारी पगाराचा पैसा नेणारी आगगाडी अडवून तो ताब्यात घेतला. रुळांजवळ उभे असताना आमच्यातल्या एका तरुणाने रेल्वेतून निवृत्त झालेल्या गँगमनला विचारले, "अण्णा, गाडी आडवली तवा डायवर कोन व्हता?" अण्णा म्हणाले, "आपल्यातलाच कुनीतरी असंल की पोरा. त्याला कुनी इचारलं न्हाई."

या उत्तरात मोठे शहाणपण आहे. १९२० च्या मे महिन्यापासून आयर्लंडच्या गोदी व रेल्वे कामगारांनी इंग्रज फौजेचा दारूगोळा आणि हत्यारबंद शिपाई वाहून नेण्यास नकार दिला. शिपाई डब्यात चढले की ड्रायव्हर इंजिनावरून खाली उतरे. शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, तरी डिसेंबरपर्यंत हा लढा चालला. ही ताकद एका दिवसात आलेली नव्हती. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी संघटना मोडण्यासाठी टाळेबंदी केली, तेव्हा जेम्स कॉनोली आणि जिम लार्किन यांनी ती बांधली होती. कॉनोली एडिंबरोच्या गरीब वस्तीत वाढला, शाळा फारशी शिकला नाही, आणि १२ मे १९१६ रोजी जखमी अवस्थेत खुर्चीला बांधून त्याला गोळ्या घातल्या. गाडी अडवणारा शूर असतोच. परंतु गाडी चालवणाराच जेव्हा 'चालवणार नाही' म्हणतो, तेव्हा राज्याचे चाक जागच्या जागी थांबते. साताऱ्यात पहिले घडले, दुसरे घडावयाचे राहिले.

आणखी एक गोष्ट आडपडदा न ठेवता बोलली पाहिजे. प्रतिसरकारला लोक 'पत्री सरकार' म्हणू लागले ते तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरून. ज्यांना ती झाली त्यांतले पुष्कळ गावाला छळणारे होते, हे मान्य. तरीही ज्या निवाड्यावर दाद मागता येत नाही तो निवाडा धोक्याचा, असे आमचा तीस वर्षांचा चौकशी-समित्यांचा अनुभव सांगतो. कामगाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. आरोपपत्र हातात पडले की समजते. प्रतिसरकारची थोरवी त्या शिक्षेत नाही. गरिबाचे गाऱ्हाणे त्याच्या भाषेत, त्याच्या गावात आणि पैशाशिवाय ऐकले गेले, यात ती आहे.

पुढे काय झाले? आयर्लंडात १९२१ चा तह झाला, देश दुभंगला, तहावरून भाऊ भावावर उठला, आणि १९२२ साली नव्या सरकारने लोकांची ती न्यायालयेच बंद केली. आपल्याकडे रक्त सांडले नाही, पण माणसे पांगली. वसंतदादा आणि यशवंतराव काँग्रेसमध्ये राहून मुख्यमंत्री झाले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले व १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांची नावे कुंडल-वाळव्याच्या साखर कारखान्यांशी जोडली गेली. भूमिगत असताना शेतकऱ्याच्या घरी भाकरी खाल्लेल्या माणसांनी त्याच्या उसाला दाम मिळवून दिला, हे थोडे काम नव्हे.

मात्र ऊस तोडतो कोण? हंगाम सुरू झाला की बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे या दोन जिल्ह्यांत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. पाचटाच्या खोपीत संसार, आणि पोरांची शाळा गावाकडे राहिलेली. मुकादमाने हिशेब चुकवला तर त्यांनी जावे कोणाकडे? त्यांच्या खोपीपाशी न्यायदान मंडळ बसत नाही. इतिहासाची खूण अशी की नाना पाटील १९६७ साली लोकसभेवर निवडून आले ते याच बीड जिल्ह्यातून. त्या माणसाला साताऱ्याचा शेतकरी आणि बीडचा मजूर हे दोन वाटले नाहीत.

श्रोतेहो, हुतात्म्यांच्या स्तंभांना हार घालण्यास आमची ना नाही. आम्हीही वडूजला घातला. परंतु प्रतिसरकारचा वारसा कोणाकडे आहे हे ठरवावयाचे असेल, तर कसोटी एकच आहे: कोयत्यावरच्या बाईची तक्रार या जिल्ह्यांत कोण ऐकून घेतो आणि किती दिवसांत तिचा निवाडा करतो. येत्या हंगामात आमची संघटना तोडणी कामगारांच्या फडावर जाऊन उचलीचे हिशेब लिहून घेणार आहे. ज्यांना अक्षर येते आणि बेरीज येते, अशा तरुणांची आम्हांला गरज आहे. त्यांनी आपली नावे द्यावीत.