पेज, चिंचोके आणि आपले वस्त्र

आपल्या पूर्वजांनी काय विणले, याचा इतिहास फार थोड्यांनी लिहिला. जुन्या मध्यप्रांतात महार समाजातील कितीतरी घरी माग असे. जाडेभरडे सुती कापड ही मंडळी विणीत, हे इंग्रज काळातील नोंदींतही आढळते. आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतातला. त्यातूनच १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला.

कच्चे सूत मागावर घासून तुटते. म्हणून ताण्याला आधी खळ द्यावी लागते. धानाच्या मुलखात ही खळ म्हणजे तांदळाची पेज. पेज गरिबाच्या पोटाचीही वस्तू, पण सुताला थोडी राखावीच लागे. चिंच खाऊन फेकलेले चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवले की त्याचीही खळ होते. १९४० च्या दशकात गिरण्यांनीही चिंचोक्याचे पीठ वापरले.

रंगाची गोष्ट त्याहून जुनी. विनयपिटकातील महावग्ग सांगतो की, आधी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग चांगला येईना. तेव्हा तथागतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांच्या रंगांना अनुमती दिली. रंग नीट शिजला का, हे पाण्यात किंवा नखावर थेंब टाकून पाहावे, असेही सांगितले. पांसुकूल चीवर तर फेकलेल्या चिंध्यांचेच!

‘कषाय’ म्हणजे तुरट. आपल्या जंगलातला हिरडा तुरट, डाळिंबाची सालही तुरट. हे तुरट द्रव्य सुताला रंग धरायला मदत करते. डाळिंबाच्या सालीने कापडावर जंतू कमी वाढतात, ऊन कमी झिरपते, असे आजच्या प्रयोगांत दिसले आहे. धुण्याने मात्र गुण हळूहळू उतरतो.

एवढे जाणणाऱ्या समाजाला मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार बंद होते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा म्हणे विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. जातीने लादलेले धंदे आपण सोडले, ते योग्यच केले. पण धंदा सोडला म्हणून त्यातली विद्या उकिरड्यावर टाकायची नाही. ती विद्या आपल्या पूर्वजांच्या हातांची आहे. घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांना विचारा, आणि मुलांकडून वहीत लिहून घ्या.