गाभण, गाभा आणि गाभारा



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक देवळाच्या ओट्यावर भरली होती. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि एका ताईंनी विचारलं, "गाय गाभण असते, देव गाभाऱ्यात असतो. हे दोन्ही एकाच शब्दाचे का हो?" आम्ही सगळ्या हसलो. मग शब्दकोश काढून बसलो. ताईंचं बरोबर निघालं!

मूळ संस्कृत शब्द आहे गर्भागार. गर्भ अधिक आगार, आणि आगार म्हणजे घर. सर्पाचा साप झाला, कर्णाचा कान झाला, तसा गर्भाचा गाभ झाला. त्यातूनच गाभण आली, केळीचा गाभा आला. आगाराचं नुसतं 'आर' उरलं. आपलं धान्याचं कोठार पूर्वी कोष्ठागार होतं, तसाच गर्भागाराचा गाभारा झाला.

संस्कृतात या शब्दाचे अर्थ तीन. घरातली आतली खाजगी खोली, बाळंतिणीची खोली आणि देवळात मूर्ती असते ती जागा. आजीच्या वेळची बाळंतिणीची खोली आठवा. अंधारी, वारा लागू नये म्हणून बंद, कोपऱ्यात मिणमिणता दिवा. गाभाराही तसाच असतो. सभामंडपात उजेड, पुढे अंतराळ, आणि आत बहुधा बिनखिडकीची लहानशी खोली.

म्हणजे हा शब्द बाईच्या पोटाशी नातं सांगतो. तरी कित्येक गाभाऱ्यांच्या दारात बाईलाच अडवलं गेलं. दलितांना तर देवळाच्या बाहेरच थांबवलं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायाही होत्या. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं. १९५६ साली सार्वजनिक देवळांत प्रवेशाचा कायदा झाला. त्याच कायद्याच्या आधारे २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात स्त्रियांच्या हक्काचं प्रकरण चाललं, आणि त्याच एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला.

त्या दिवशी ओट्यावरून उठताना ताई म्हणाल्या, "जिच्या पोटावरून नाव पडलं, तिचाच विटाळ कसा?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्याही बैठकीत मांडा. आणि घरी जाऊन लेकीला गाभाऱ्याचा अर्थ जरूर सांगा.