फरारबाईंची शाळा

इ. स. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईस उतरले, ते ख्रिस्ताचा संदेश सांगायला. लोकांच्या धर्मात हात घातला तर व्यापार बिघडेल, या धास्तीने कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचे हुकूम सोडले. पण दोघेही चिकट निघाले. अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. ख्रिस्ती होणारे थोडेच मिळाले. शाळा मात्र पुष्कळ निघाल्या.

याच मिशनने १८२७ साली सिंथिया फरार या अविवाहित बाईंना इकडे पाठविले. एकट्या बाईने सातासमुद्रापार जायचे, म्हणजे त्या काळी अमेरिकेतही नवलच! नाव फरार असले तरी बाई ठाण मांडून राहिल्या. आधी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरला त्या मुलींना शिकवीत होत्या. आज वर्गात मुलींची हजेरी घेताना मला कधीकधी त्यांची आठवण होते.

त्यांची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत; हवे तेवढेच त्यांनी उचलले. मिशनच्या वहीत हे जमेच्या बाजूला मांडले की नाही, कोण जाणे! बाई १८६२ साली नगरलाच वारल्या.