वाढीव वॉरंटी: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

मायक्रोवेव्ह विकत घेताना पैसे भरायच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आहे, वर थोडे पैसे टाकून ती तीन वर्षांची करून द्यायची का? आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या घरांत या प्रश्नाचे उत्तर आता ठरून गेले आहे. करून घ्यावी. बारा हजारांची वस्तू घेताना दीड-दोन हजारांकडे काय बघायचे? न घेणारा माणूस कंजूष, नाहीतर भोळा. प्रस्तुत लेखकाला हे मत मुळातच चुकीचे वाटते. पण कच्चा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो की हल्लीच्या वस्तू पूर्वीसारख्या टिकत नाहीत, त्यामुळे वॉरंटी संपताच बिघाड ठरलेला. दुसरे असे की मायक्रोवेव्ह हे मिक्सरसारखे साधे यंत्र नव्हे. आत हजारो व्होल्ट खेळतात, शिवाय किरणांची भीती, म्हणून अधिकृत माणसालाच हात लावू द्यावा आणि अधिकृत माणूस महाग पडतो. तिसरा मुद्दा मनःशांतीचा: एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही. चौथा मुद्दा सहसा कोणी उघड बोलत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. मेकॅनिक काय सांगतो ते आपल्याला कळत नाही. तो 'मॅग्नेट्रॉन गेला' म्हणाला तर आपण मान डोलावतो. करार असला की निदान त्याने मागितलेली रक्कम तरी आपल्या खिशातून जात नाही.

आता उत्तरपक्ष. 'हल्लीच्या वस्तू' हे शब्द मायक्रोवेव्हला लावताना थोडा इतिहास बघावा. त्याचे हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन. त्याचे जोरकस रूप जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात १९४० साली रडारसाठी घडवले. रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरने याच लहरींनी अन्न शिजवण्याचे पेटंट १९४५ मध्ये मागितले. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन अमेरिकेत १९६७ साली ४९५ डॉलरना बाजारात आला. तेव्हापासून आतली मूळ मांडणी फारशी हललेली नाही. जड ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब वाढवतो, कपॅसिटर आणि डायोड मिळून तो दुपटीच्या घरात नेतात, आणि मॅग्नेट्रॉन त्यातून २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी काढतो. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मरची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किट घेते, एवढाच मोठा बदल. इतके पिकलेले, मुरलेले तंत्र घरातल्या यंत्रांत क्वचित सापडेल. हल्ली नाजूक झाली असेल तर ती बटणांची पट्टी आणि कंट्रोल बोर्ड, म्हणजे ज्याला सगळे पी.सी.बी. म्हणतात तो.

आणि बिघाड केव्हा होतात? यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे एक आलेख काढतात. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण कारखान्यातली खोट तेव्हाच बाहेर पडते. मग बरीच वर्षे रेषा खाली आणि सपाट. शेवटी झीज सुरू झाली की ती पुन्हा वर चढते. या आकारामुळे त्याला बाथटब वक्र म्हणतात. प्रत्येक उपकरण काटेकोर या रेषेवर चालते असे नाही, पण विक्रेत्याचा हिशेब समजायला ती पुरेशी आहे. चढलेली पहिली कड कंपनीच्या एका वर्षात निघून जाते. वाढीव वॉरंटी आपल्याला विकते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची सपाट जमीन. सातव्या-आठव्या वर्षी, झिजेची कड खरोखर समोर असते तेव्हा काउंटरवरचा तो तरुण आपल्याला शोधत येत नाही. आला तरी दर वेगळा असतो.

पुढचा प्रश्न, मोडते काय? इथे जरा थांबणे भाग आहे, कारण सगळा वाद याच तपशिलात सुटतो.

दाराच्या कडेला, खाचांच्या आत लहान स्विच असतात, बहुतेक ओव्हनमध्ये तीन. दोन स्विच दार नीट बंद झाल्याशिवाय वीज पुढे जाऊ देत नाहीत. तिसरा पहारेकरी आहे. पहिले दोन अडकून राहिले आणि दार उघडे असतानाही वीज वाहू लागली, तर तो मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे काही वेळा उडालेला फ्यूज हा रोग नसून यंत्राने स्वतःच ओढलेली साखळी असते. दार धाडकन लावायची सवय असलेल्या घरात हे स्विच आधी जातात. नुसता फ्यूज बदलून जाणाऱ्याने अर्धेच काम केलेले असते. दोन्ही भाग मात्र किरकोळ किमतीचे.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे आत ठिणग्या उडणे. उजव्या भिंतीवर कागदासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो. लहरी ज्या वाटेने आत येतात तिच्यावरचे ते झाकण. त्यावर फोडणीचे तेल उडून जळले की ठिणग्या येतात आणि घरातले सगळे घाबरून ओव्हन 'मेला' असे जाहीर करतात. तो तुकडा बाजारात फुटकळ भावात मिळतो आणि मापाने कापून बसवता येतो. ताटली फिरवणारी मोटर, आतला दिवा, प्लॅस्टिकची कपलिंग हेही असेच. महाग म्हणजे पी.सी.बी. आणि मॅग्नेट्रॉन. पी.सी.बी. आपल्याकडे दोन गोष्टींनी जातो: विजेचा चढउतार आणि झुरळे. बोर्डाची ऊब झुरळांना आवडते. मॅग्नेट्रॉन बिचारा बहुधा रिकामा ओव्हन चालवल्याने किंवा हवा खेळायला मागे जागा न सोडल्याने लवकर थकतो.

आता करारपत्राची मागची बाजू वाचावी. बारीक अक्षरांतल्या वगळलेल्या गोष्टींत वारंवार काय सापडते? काच, दिवा, प्लॅस्टिकचे भाग, गंज, विजेच्या दाबातला चढउतार, कीटकांमुळे झालेले नुकसान, आणि 'अयोग्य वापर' नावाचे सर्वसमावेशक पोते. म्हणजे स्वयंपाकघरात जे खरोखर घडते त्याचा मोठा भाग आधीच बाहेर. राहिला मॅग्नेट्रॉन, तर कित्येक कंपन्या मॅग्नेट्रॉनवर मूळ वॉरंटीतच एका वर्षाहून अधिक मुदत देतात. ती कार्डावर छापलेली असते, पण दोन-दोन वेळा पैसे भरण्याआधी कार्ड वाचतो कोण?

हिशेबही करून टाकू. आकडे कल्पित, आपापल्या बिलावरून बदलून घ्यावेत. दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे १,८०० रुपये, आणि बाहेर करावी लागली तर सरासरी दुरुस्ती २,५०० रुपयांची. सौदा बरोबरीत सुटायला त्या दोन वर्षांत बिघाडाची शक्यता ७२ टक्के असायला हवी, तीही करारात बसणाऱ्या बिघाडाची. शंभरांतले बहात्तर ओव्हन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मोडत असतील तर त्या मॉडेलची वॉरंटी वाढवू नये, ते मॉडेलच घेऊ नये. आणि बरोबरीत सुटणारा सौदा कोणी विकत नाही. त्या १,८०० रुपयांत दुकानाचे कमिशन, करार चालवणाऱ्याचा खर्च आणि नफा, शिवाय १८ टक्के जी.एस.टी. असतो.

ब्रिटनमध्ये या धंद्याची सरकारी तपासणी झाली. तिथल्या स्पर्धा आयोगाने २००३ च्या अहवालात घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीच्या बाजारात ग्राहकाच्या हिताविरुद्ध गोष्टी चालतात असे नोंदवले. २००५ च्या आदेशाने दुकानदाराला वॉरंटीची किंमत वस्तूशेजारी दाखवणे आणि घेतलेली वॉरंटी ४५ दिवसांत रद्द करण्याची मुभा देणे बंधनकारक झाले. काउंटरवरची घाई हाच या मालाचा खप, हे त्या आदेशाने एका परीने मान्य केले असे मी म्हणेन.

मनःशांतीचा मुद्दा मात्र आकड्यांनी हटत नाही. 'आम्हाला माहीत आहे तोटा आहे, पण शांत झोप लागते' असे म्हणणाऱ्याला काय सांगावे? विम्याचे तत्त्व असे की जे नुकसान सोसवणार नाही ते वाटून घ्यावे. घर जळणे, इस्पितळाचे लाखांचे बिल, कर्त्या माणसाचा मृत्यू यांसाठी विमा हवाच. अडीच हजारांची दुरुस्ती त्या यादीतली नव्हे. मॅथ्यू रॅबिन या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली गणिताने दाखवले, की दहा डॉलर गमावण्याची आणि अकरा मिळवण्याची निम्मी-निम्मी शक्यता असलेला डाव जो माणूस, श्रीमंत असो वा गरीब, केव्हाही नाकारतो, त्याने अपेक्षित उपयोगितेच्या तर्काने शंभर डॉलर गमावण्याचा निम्मा धोका असलेला डाव समोर कितीही मोठे बक्षीस असले तरी नाकारायला हवा. हे उघडच विचित्र. म्हणजे लहान नुकसानीची भीती हा शहाणपणाचा हिशेब नाही. नाणे हातातून सुटताना मन जे कळवळते, ते हे. एक विसंगतीही ध्यानात घ्यावी. मायक्रोवेव्हची वॉरंटी आवर्जून वाढवणाऱ्या कित्येक घरांचा स्वतःचा आगीविरुद्ध विमा नसतो.

राहिला चौथा, न बोललेला मुद्दा. जॉर्ज अकरलॉफने १९७० च्या जुन्या मोटारींवरच्या प्रसिद्ध निबंधात सांगितलेला पेच दुरुस्तीच्या धंद्यालाही लागू पडतो. एका बाजूला सगळे ठाऊक, दुसरीला काहीच नाही. पण कराराने हे अज्ञान मिटत नाही, फक्त लबाडीची दिशा उलटते. पैसे आपण देतो तेव्हा मेकॅनिकला काम वाढवण्याचा मोह. पैसे करारवाली कंपनी देते तेव्हा काम कमीत कमी करण्याचा मोह. फ्यूज टाकायचा, चहा गरम करून दाखवायचा, सही घ्यायची. महिन्याने स्विच पुन्हा अडकला की नवी तक्रार, नवा नंबर. फ्यूज का उडाला, स्विच तपासले का, जुना भाग परत द्याल का, एवढे तीन प्रश्न विचारणारा ग्राहक कराराशिवायही कमी फसतो, आणि करार असलेला, हे न विचारणारा ग्राहक फसतोच.

अधिकृत माणसाच्या आग्रहात मात्र तथ्य आहे आणि ते मी पूर्ण मान्य करतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरू शकतो. तो आपोआप उतरवणारी सोय बहुधा आत असते, पण तिच्यावर जीव टाकू नये. कव्हर घरच्या कोणी उघडू नये, मग तो इंजिनीअर का असेना. गळणाऱ्या लहरींची आंतरराष्ट्रीय मर्यादा ओव्हनच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट अशी आहे, आणि ती पाळली जाते ती दाराच्या घट्ट बसण्यावर. म्हणून दार, बिजागरी, कडेची पट्टी यांचे काम सर्व्हिस सेंटरनेच करावे. पण अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि वाढीव वॉरंटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. व्हिजिट चार्ज भरून तोच माणूस करार नसतानाही येतो.

आता कायदा. वाढीव वॉरंटी दिसते विम्यासारखी, पण पुष्कळदा ती विक्रेत्याचा किंवा तिसऱ्याच कंपनीचा सेवा-करार असते. विमा कंपनीने दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येते. नुसत्या सेवा-करारासाठी तो दरवाजा नाही. ग्राहक आयोग मात्र आहे, आणि तो वॉरंटी न वाढवलेल्यांसाठीही आहे. कार्डाची मुदत संपली की सगळे हक्क संपले ही समजूत पूर्ण खरी नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार त्या मालाचा धंदा करणाऱ्याने वर्णनावरून विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी अशी गर्भित अट असते. मूळ खोट वॉरंटीनंतर उघड झाली तर भांडण सोपे नाही, खोट मुळातली होती हे दाखवावे लागते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघावा.

अपवाद आहेत. भिंतीत बसवलेला लाखाच्या घरातला ओव्हन, जवळपास सर्व्हिस सेंटर नसलेला तालुका, कंपनीने स्वतः दिलेला आणि पी.सी.बी. स्पष्ट शब्दांत आत घेणारा स्वस्त करार, अशा ठिकाणी हिशेब वेगळा येईल. खानावळ किंवा कॅन्टीनवाल्याने मात्र घरगुती ओव्हनची वॉरंटी वाढवून घेऊ नये. व्यावसायिक वापर हे करार मोडण्याचे ठरलेले कारण आहे.

शेवटचा आक्षेप एका मित्राने घेतला: मेकॅनिक संपत चालले, सुटे भाग मिळत नाहीत, मग कराराशिवाय उपाय काय? यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत, तिसरे त्यांतून निघत नाही. करार सुटा भाग निर्माण करत नाही. भाग न मिळाल्यास घसारा वजा करून उरलेली रक्कम देण्याचे कलम अशा करारांत असते, आणि तिसऱ्या वर्षी ती रक्कम किती उरते ते सही करण्याआधी त्याच कागदावर वाचता येते. भाग मिळावेत, त्यांची किंमत आणि दुरुस्तीची माहिती उघड असावी, यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. ओव्हन घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या पी.सी.बी.ची आणि मॅग्नेट्रॉनची किंमत तिथे किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावी. जी कंपनी ती सांगत नाही, तिचा ओव्हन दुकानातच राहू द्यावा.