सनद आणि नृत्य

संस्थांचा इतिहास लिहिणारे बहुधा आधी घटना, मग ठराव, मग पदाधिकाऱ्यांची नामावळी असा क्रम लावतात आणि स्नेहसंमेलने, मेजवान्या, नाचगाणी यांची बोळवण शेवटच्या चार ओळींत करतात. अमेरिकेतील विद्यापीठांत समलिंगी विद्यार्थ्यांनी १९६७ पासून ज्या संघटना उभारल्या, त्यांच्या इतिहासाला मात्र हा क्रम लावू गेल्यास तो लागत नाही. कारण तेथील अधिकारीवर्गाने चर्चेला आणि व्याख्यानांना, नाखुशीने का होईना, पुष्कळदा मुभा दिली आणि खरा तंटा पेटला तो नृत्याच्या रात्रींवरून.

आरंभ झाला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. ज्या विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्ययन केले आणि जे त्यामुळे मराठी वाचकाला परके राहिलेले नाही, तेथेच अर्धशतकानंतर रॉबर्ट मार्टिन नावाच्या एका विद्यार्थ्याने आपले उभयलैंगिकत्व वसतिगृहातील सोबत्यांना सांगितले आणि त्यांनी त्याच्याबरोबर राहण्यास नाराजी दर्शविल्यामुळे त्याला बिऱ्हाड हलवावे लागले. या मार्टिनने, जो पुढे स्टीफन डोनाल्डसन या टोपणनावाने प्रसिद्धीस आला, 'स्टुडंट होमोफाइल लीग' नावाची संघटना काढण्याचे मनावर घेतले. परंतु अर्ज गेला आणि विद्यापीठाच्या दप्तराने पहिली मागणी केली ती सभासदांच्या यादीची. ही मागणी वरकरणी केवळ रिवाजाची होती. तथापि न्यूयॉर्क राज्याच्या तत्कालीन कायद्याने समलिंगी संबंध हा गुन्हा होता, वैद्यकशास्त्र त्याला व्याधी म्हणत होते, आणि अशा काळी ज्याचे नाव त्या कागदावर उमटेल त्याची नोकरी, शिष्यवृत्ती आणि घरची अब्रू ही सर्व एका कारकुनाच्या मर्जीवर अवलंबून राहणार होती. डोनाल्डसनने यावर काढलेली तोड मार्मिक होती: इतर विद्यार्थिसंघटनांतील प्रतिष्ठित म्होरक्यांना त्याने नाममात्र सभासद होण्याची गळ घातली, त्यांची नावे यादीत घातली, आणि ज्यांच्यासाठी ही सारी खटपट चालली होती त्यांची नावे दप्तरापासून अलगद दूर राखली. दप्तराला यादी मिळाली, नियमाचे समाधान झाले, आणि १९ एप्रिल १९६७ रोजी सनद मंजूर झाली. अशा तऱ्हेची मान्यता मिळालेली अमेरिकेतील ही पहिली विद्यार्थिसंघटना होय.

३ मेच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पृष्ठावर छापताच विद्यापीठावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. अधिकाऱ्यांनी सनद परत घेतली नाही. परंतु संघटनेने शैक्षणिक कार्य करावे, सभासदांच्या सामाजिक मेळाव्यांचे स्थान होऊ नये, असा निर्बंध घातला. कारण अशा मेळाव्यांतून कायद्याचा भंग होईल अशी त्यांना धास्ती होती. म्हणजे या मंडळींनी स्वतःविषयी बोलावे, परंतु एकमेकांना भेटू नये, असा त्या हुकमाचा मथितार्थ होता. संघटनेने बोलण्याच्या बाबतीत तरी कसूर केली नाही: १९६८ च्या वसंतात विद्यापीठाच्याच वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांचा परिसंवाद भरला, तेव्हा या विद्यार्थ्यांनी दाराशी निदर्शने करून बजावले की आमच्याविषयीची चर्चा आमच्यासह व्हावी. न्यूयॉर्कच्याच ग्रीनिच व्हिलेजमधील 'स्टोनवॉल इन' या समलिंगींच्या मद्यगृहावर धाड पडून जो प्रसिद्ध उठाव झाला तो जून १९६९ चा. विद्यापीठातील सनद त्याच्या दोन वर्षे आधीची आहे, हे या चळवळीचा आरंभ स्टोनवॉलपासून मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उठावानंतर निर्बंधाची पकड सैल झाली. कोलंबियाच्या आवारात अर्ल हॉल ही विसाव्या शतकाच्या आरंभी, विद्यार्थ्यांच्या धार्मिक आणि सामाजिक जीवनासाठी उभारलेली इमारत आहे; तिच्या सभागृहात १९७० पासून समलिंगी विद्यार्थ्यांची नृत्ये भरू लागली आणि विद्यार्थ्यांबरोबर शहरातील इतर मंडळीही तेथे लोटू लागली. त्या काळी शहरातील समलिंगींची बहुतेक मद्यगृहे गुंडांच्या टोळ्यांच्या ताब्यात असत, तेथे पेयांना अवाच्या सवा दाम पडे आणि पोलिसांच्या धाडीची टांगती तलवार असे. त्या मानाने विद्यापीठाच्या छताखाली, थोडक्या पैशांत आणि धाडीच्या भयाविना नाचता येणे ही केवढी चैन होती, याची कल्पना आज करणे कठीण आहे. या इमारतीची नोंद २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

परंतु त्याच १९७० साली, त्याच शहरातील न्यूयॉर्क विद्यापीठाने वाइनस्टीन हॉल या वसतिगृहाच्या तळघरात ठरलेली नृत्ये रद्द केली, आणि समलिंगी असणे नीतीला धरून आहे किंवा कसे याचा निर्णय धर्मोपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ यांचे मंडळ देईपर्यंत परवानगी तहकूब राहील, असे फर्मान काढले. या प्रश्नाचा निवाडा होईपर्यंत थांबण्याची कुणाची तयारी नव्हती. सप्टेंबरमध्ये आंदोलकांनी ते तळघर पाच दिवस ताब्यात ठेवले, पोलिसांनी त्यांना बाहेर काढले, आणि त्या पाच दिवसांच्या सहवासातून सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा जॉन्सन यांनी रस्त्यावर राहणाऱ्या, ज्यांना आज आपण पारलिंगी म्हणू अशा तरुणांसाठी 'स्टार' ही संघटना उभी केली.

नृत्याचा प्रश्न अखेर न्यायासनापुढे गेला तो न्यू हॅम्पशायर राज्यात. तेथील विद्यापीठाने मे १९७३ मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेला मान्यता दिली. त्या संघटनेने नोव्हेंबरात एक नृत्य भरविले, ते बिनतक्रार पार पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून ओरड सुरू झाली. विश्वस्तांनी पुढील सामाजिक कार्यक्रमांना मनाई केली, संघटनेने दावा दाखल केला, आणि राज्यपाल मेल्ड्रिम थॉमसन यांनी सरकारी अनुदान रोखण्याची धमकी दिली. संघीय अपील न्यायालयाने डिसेंबर १९७४ मध्ये निकाल दिला की संघटनेचे स्वातंत्र्य केवळ चर्चासभांपुरते मर्यादित नाही. माणसे एकत्र येऊन जे सामाजिक कार्यक्रम करतात त्यांतूनही विचारांची देवघेव होते, आणि इतर विद्यार्थिसंघटनांना जी मुभा आहे ती याच एका संघटनेला नाकारता येणार नाही. नाचण्याला कायद्याचे कवच मिळाले ते असे.

पुढे मिशिगन विद्यापीठात १९९५ साली रॉनी सॅन्लो यांनी समलिंगी विद्यार्थ्यांसाठी 'लॅव्हेंडर ग्रॅज्युएशन' नावाचा निराळा पदवीसमारंभ सुरू केला. स्वतः समलिंगी असल्यामुळे त्यांना आपल्या मुलांच्या पदवीदान सोहळ्यास उपस्थित राहता आले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांच्या समारंभाला पदवीधर होते अवघे तीन. आज अनेक विद्यापीठांत तो रिवाज झाला आहे.

भारतात या कथेने निराळी वळणे घेतली. पुणे विद्यापीठात प्रा. आर. राज राव यांना समलिंगी साहित्याचा अभ्यासक्रम सुरू करण्यास वर्षानुवर्षे विरोध झाला, आणि अखेर २००७ च्या सुमारास तो वर्गात आला तो दलित साहित्याच्या सोबतीने, पर्यायी साहित्य या सदराखाली. पवईच्या आय.आय.टी.त २०११ साली समलिंगी विद्यार्थ्यांचा 'साथी' हा गट स्थापन झाला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविणारे कलम ३७७ पूर्ववत केल्यावरही तो मोडला नाही. आणि २०१८ साली निरनिराळ्या आय.आय.टी.तील वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी त्या कलमाविरुद्ध याचिका दाखल केली, ती आपल्या स्वतःच्या नावांनी. कोलंबियाच्या दप्तरासाठी ज्या प्रकारची यादी उसन्या नावांनी भरावी लागली होती, ती येथे खऱ्या नावांनी भरली गेली, आणि तीही कायदा विरोधात असताना.

विद्यापीठांतून हल्ली निघणाऱ्या रंगीबेरंगी मिरवणुका पाहून, 'हक्क मिळाले, आता एवढा गाजावाजा कशासाठी?' असे काही सुशिक्षित गृहस्थ सद्भावनेनेच विचारतात. त्यांनी हा पूर्ववृत्तांत अवश्य चाळावा. भाषणाला येणारा श्रोता कुतूहलापोटी आला असे म्हणून वेळ मारून नेऊ शकतो; नाचायला येणाऱ्याला तशी सबब उरत नाही, आणि आपल्यासारखे इतर किती आहेत हे त्याला तेथेच प्रथम डोळ्यांनी दिसते. सत्तेला हे नेमके कळत होते, म्हणून तिने व्याख्याने सोसली आणि नृत्याला मनाई केली. तेव्हा हक्क कोठवर पोहोचला हे मोजायचे झाल्यास त्याच गाजावाज्यापाशी जाऊन मोजावे लागेल.